देव मानत नसाल, तर कोकणातल्या घरात आणि गावात कसं वागावं

कोकणात देव मानता की नाही हे सहसा कोणी विचारत नाही. विचारतात ते असं : यंदा गणपतीची पाळी कोणाची, गाऱ्हाण्याला (देवापुढे मोठ्याने मांडायच्या मागण्याला) कोण उभा राहणार, पालखी आली की ओटी कोण भरणार, दहाव्याला कोण बसणार. ग्रामदेवतेचे मानकरी ठरलेले, बारा-पाचाची रहाटी (गावच्या देवकार्याची परंपरेने आलेली व्यवस्था) ठरलेली, देवघराच्या पाळ्या ठरलेल्या. या सगळ्यात तुमचं नाव पणजोबापासून लागलेलं असतं. त्यामुळे तुम्ही 'मी देव मानत नाही' म्हणालात की घरच्यांना ऐकू येतं, 'मला तुमच्यात राहायचं नाही.' भांडणं इथून सुरू होतात. म्हणून पुढचं सगळं एका सूत्रावर बेतलं आहे : श्रद्धेला नकार द्या, पण कामातला आणि नात्यातला आपला वाटा सोडू नका. आणि नकार वेळेच्या खूप आधी द्या.

आधी स्वतःशी ठरवा

एक वही घ्या आणि वर्षभराचे प्रसंग लिहून काढा. वटपौर्णिमा, नारळी पौर्णिमा, चवथ, गौरी, म्हाळ (पितृपक्षातलं श्राद्ध), दसऱ्याची तरंगं (देवांचे सजवलेले खांब), देवदिवाळी, गावची जत्रा, शिमगा, घरातली लग्नं, बारशी, मर्तिकं. प्रत्येकापुढे लिहा की त्यात तोंडाने काय म्हणावं लागतं, हाताने काय करावं लागतं आणि पैसे कशाला द्यावे लागतात.

तोंडाच्या गोष्टी सगळ्यात महत्त्वाच्या. संकल्प सोडताना आपलं नाव-गोत्र उच्चारून 'मी हे करतो' असं सांगायचं असतं. नवस बोलायचा म्हणजे देवाशी करार करायचा. अवसर आलेल्याला, म्हणजे अंगात देव आलेल्याला, प्रश्न विचारला की त्याचं उत्तर मानायची तयारी दाखवल्यासारखं होतं. मनात नसताना हे म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, आणि समोरच्याच्या श्रद्धेचाही तो अवमान आहे. इथे नकार द्यावा. हाताच्या गोष्टींत मात्र हात आखडू नये. अंगण करणं, माटवी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधणं, मोदक वळणं, भजनाला आलेल्यांना उसळ-चहा देणं, मूर्ती उचलणं या कामांना श्रद्धा लागत नाही, माणसं लागतात. पैशाचं पुढे येईल.

प्रसाद खावा का? खावा. ते कोणीतरी रांधलेलं अन्न आहे. हात जोडावेत का, हे ज्याचं त्याने ठरवावं, पण एकदा ठरवून कायम तसंच वागावं. पाहुण्यांसमोर एक आणि एरवी दुसरं असं झालं की घरचे म्हणतात, 'याचं काही खरं नाही', आणि त्यांचं बरोबर असतं.

आणखी एक गोष्ट तपासा. 'देव नाही' अशी तुमची खात्री आहे, की 'आहे की नाही ते कळत नाही'? दुसरं असेल तर तेच सांगा. शंका असलेल्याने ठाम नास्तिकाचा आव आणला की पहिल्याच आजारपणात तो उघडा पडतो. घरात कोणी नुकतं गेलं असेल, नोकरी गेली असेल, तर त्या रागाच्या भरात काही जाहीर करू नका. एक वर्ष जाऊ द्या. वर्षानंतरही मत तेच असेल तर ते तुमचं.

कोणाला, कधी, कसं सांगायचं

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे चवथीची आदली रात्र. त्याखालोखाल कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप. तिथे एक वाक्य टाकलं की मुंबई, पुणे, गाव तिन्हीकडून उत्तरं येतात आणि ज्यांना खरं सांगायला हवं होतं ते आई-वडील बाजूला राहतात. चांगली वेळ मे महिना. चाकरमानी गावात असतात, पण देवाचं कुठलंही मोठं काम डोक्यावर नसतं आणि पाळीची अदलाबदल करायला पुढे तीन महिने हाताशी राहतात.

आधी आईला किंवा घरात जे देवाचं करतात त्यांना एकट्यात सांगा. मग भावांना. भावकीला सांगण्याचं काम शक्य तर घरातल्या मोठ्या माणसावर सोपवा. वाक्य लहान ठेवा आणि नकाराच्या आधी काम सांगा : 'मी हयच आसंय. कामाक कमी पडूचंय नाय. फकत पूजेक बसूचंय नाय.' यावर बहुतेकदा येणारा प्रश्न ठरलेला असतो : 'मगे आमी करतव ता सगळा खोटा?' इथे वाद घालायला गेलात तर बोलणं संपलं. विश्वाची उत्पत्ती, उत्क्रांती, देवस्थानांतले घोटाळे यातलं काहीही त्या घडीला काढू नका. उत्तर स्वतःपुरतं ठेवा : 'तुमी करतास ता तुमचा. माझ्याच्यान मनापासून होणा नाय, आनि मनात नसताना पाटार बसलंय तर तुमकाच बरा वाटाचा नाय.' हे वाक्य श्रद्धाळू माणसाला पटतं, कारण मनाविना केलेली पूजा त्यालाही नको असते.

कोणी म्हणालं की हे बाहेरून आलेलं खूळ आहे, तर एवढं ठाऊक असू द्या की या देशात चार्वाकांनी देव आणि परलोक दोन्ही नाकारले, आणि जुन्या सांख्य नि मीमांसा दर्शनांना जगाचा कर्ता ईश्वर लागत नव्हता. एकदा सांगा, शांतपणे सांगा, पुन्हा सांगू नका.

सुनेच्या बाबतीत नियम वेगळा आहे आणि तो कडकपणे पाळायला हवा. देव न मानणारी सून असेल तर सासरच्यांना ते तिच्या नवऱ्याने सांगायचं. वटपौर्णिमेचा दोरा, गौरीचा ओवसा (नव्या सुनेने गौरीपुढे सुपं घेऊन जाण्याचा विधी), ओटी, मासिक पाळीच्या चार दिवसांचं बाजूला बसणं, हे सगळं तिच्याकडूनच अपेक्षित असतं. तिने स्वतः नकार दिला की तो तिच्या माहेरावर जातो. मुलाने स्वतःच्या आईला 'ही सुपं घेऊन जाणार नाही, हे आमचं दोघांचं ठरलं आहे' असं सांगितलं तर बोलणी त्याला बसतात, आणि ती बसण्याची जागा त्याचीच आहे. ओवसा नको असेल तर त्याच दिवशी नव्या सुनेने ज्येष्ठांकडे फळं-फराळ घेऊन पाया पडायला जाण्याचा मार्ग मोकळा राहतो. ओवशातली नात्याची बाजू त्यातून सांभाळली जाते.

चवथ : पाळी तुमची असेल तेव्हा

एका घराचा एक गणपती आणि चार भावांत फिरती पाळी, ही कोकणातली नेहमीची रीत. पाळी म्हणजे खर्च, कष्ट आणि यजमानपद या तीन गोष्टी. पहिल्या दोन पूर्ण घ्या, तिसरी दुसऱ्याला द्या.

यजमान म्हणजे जो पाटावर बसून आचमन करतो, संकल्प सोडतो आणि ज्याच्या हातून भटजी प्राणप्रतिष्ठा करवून घेतात. हे काम धाकटा भाऊ, चुलतभाऊ, पुतण्या, कोणीही करू शकतो, त्यासाठी पाळी त्याची असावी लागत नाही. गडबड होते ती अशी : त्या सकाळी एक भटजी गावातली कितीतरी घरं करत असतात, ते येतील तेव्हा दहा मिनिटांत बसावं लागतं, आणि 'तू बस, तू बस' ही चर्चा त्यांच्यासमोर होते. म्हणून पूजेला कोण बसणार हे आठवडाभर आधी ठरवा, भटजींना फोनवर त्याचं नाव कळवा, आणि त्या माणसाला सोवळ्याचं, उपासाचं त्याचं तो ठरवू द्या. उत्तरपूजेलाही तोच माणूस हवा. हे विसरतात, आणि विसर्जनाच्या दुपारी तो सासुरवाडीला गेलेला असतो.

बाकीची कामं तुमची. गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट नेऊन देणं श्रावणाच्या सुमारास उरका. उशीर झाला तर हवी ती उंची मिळत नाही. माटवीचं सामान, म्हणजे कवंडळं, हरणं, कांगणं, आंब्याचे टाळ, सुपारीची शिपटी, आदल्या दोन दिवसांत रानातून आणावं लागतं. चौकट टांगण्यापूर्वी वरचा वासा आणि कड्या तपासा. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, आणि असोले नारळ लावले की वजन भलतंच वाढतं. चौकटीला स्वतः दोन्ही हातांनी लटकून बघा आणि मगच नारळ बांधा.

विसर्जनाची जबाबदारी मागून घ्या. ती खरी जोखमीची असते आणि तिथे डोकं शांत असलेला माणूस हवा असतो. समुद्रावर जायचं असेल तर भरतीचा जुना ठोकताळा वापरता येतो : तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ येते. पंचमीला, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीला, पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे संध्याकाळी सहाला पाणी ओसरत असतं आणि ओढ बाहेरच्या बाजूला असते, मूर्ती घेऊन आत गेलेल्याचा पाय सुटू शकतो. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे संध्याकाळी ओहोटी संपून पाणी चढायला लागलेलं असतं, आणि पौर्णिमा तोंडावर असल्याने भरती उधाणाची. मिरवणूक रेंगाळली की किनाऱ्यावर ठेवलेल्या सामानापर्यंत पाणी येतं. नक्की वेळ त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघा. कमरेपेक्षा खोल जायचं नाही, मूर्ती धरायला पोहणारे दोघे, काठावर दोर घेऊन एक, आणि लहान मुलं ओल्या वाळूच्या अलीकडे.

आरतीला उभं राहायचं की नाही? उभं राहा, टाळ वाजवा, गा किंवा गाऊ नका. सगळं घर आरतीला असताना आतल्या खोलीत मोबाईल घेऊन बसणं हे मात्र करू नका. त्या एका दृश्याने वर्षभराची मेहनत वाया जाते.

गावातलं देवाचं

गाऱ्हाण्यात तुमचं नाव तुम्हाला न विचारता घेतलं जातं. 'बा देवा म्हाराजा, अमक्याचो झील मुंबैक आसा, तेका येस दी…' आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मधे बोलू नका. तो तुमच्यासाठी केलेला विचार आहे. तुम्ही गप्प राहिलात तर कोणी मोजत नाही. नारळ तुम्हीच ठेवायचा असेल तर मात्र गाऱ्हाणं घालणाऱ्याला आधी भेटून घरातल्या दुसऱ्या कोणाचं नाव द्या.

शिमग्यात पालखी दारी येते तेव्हा घराला कुलूप लावून जाणं हा सर्वांत मोठा अपमान समजला जातो. घर उघडं ठेवा, खळं झाडून ठेवा, खुर्च्या, पाणी, कोकम सरबत तयार ठेवा. ओटी भरणारं घरात कोणी नसेल तर शेजारच्या काकींना आधी सांगून ठेवा. घरात तुम्ही एकटेच असाल तर मानकऱ्यांना आदल्या दिवशी सांगा : पालखी बसू दे, पूजा तुम्ही करा, बाकी व्यवस्था माझी. बहुतेक गावांत एवढं पुरतं.

गावपळणीसारखा प्रसंग असेल, जसा मालवण तालुक्यात आचऱ्याला रामेश्वराच्या कौलाने ठरतो आणि माणसं गुराढोरांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातात, तेव्हा आमचं स्पष्ट मत आहे : जा. राहुट्या बांधायला, पाण्याची सोय करायला, म्हाताऱ्यांना हलवायला माणसं कमी पडतात. अंथरुणाला खिळलेलं कोणी घरात असेल तर वेशीबाहेरच्या नातेवाइकांकडे खोली आधीच बघून ठेवा, औषधांचा साठा आठवड्याचा घ्या.

कौलाचं जरा जपून. गुरव देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी फुलांच्या पाकळ्या किंवा ओले तांदूळ लावतो आणि कोणत्या बाजूची आधी पडते त्यावरून होकार-नकार ठरतो. उत्सवाच्या तारखेसाठी कौल लावला तर तुमचं काही बिघडत नाही. जमिनीच्या वाटणीसाठी, घरातल्या भांडणासाठी किंवा 'करणी कोणी केली' हे ठरवायला लावत असतील तर तिथे उभं राहू नका, आणि का ते एका वाक्यात सांगा. वाटणी कौलाने ठरली तरी सात-बाऱ्यावर ती येत नाही. त्यासाठी सगळ्या सहहिस्सेदारांच्या सहीचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे अर्ज, आणि मग तलाठ्याकडे फेरफार लागतो. 'माझा आक्षेप देवाला नाही, पण माझी सही कागदावर होईल' असं म्हणायला हरकत नाही.

वर्गणी इतर भावकीइतकीच द्या, एक रुपया कमी नको. कमी दिलीत तर नास्तिकपणा हे चिक्कूपणाचं सोंग ठरतं. ती महाप्रसाद, मंडप, वीज, दशावताराची बिदागी यांकडे धरा असं सांगून पावती घ्या.

आणि देवराईला हात लावू नका. देव मानत नाही म्हणून देवाच्या रानातली झाडं तोडायला मोकळे झालो, असं समजणारे लोक आहेत. त्या रानाने गावची विहीर जिवंत ठेवलेली असते. कुऱ्हाड चालवणाऱ्यांच्या विरोधात गुरवाच्या शेजारी उभं राहायची वेळ आली तर उभे राहा.

आजारपण आणि सर्पदंश

इथे तडजोड करायची नाही. फुरसं, घोणस, मण्यार, नाग, कोणीही चावलं की १०८ला फोन, नाहीतर मिळेल ती गाडी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. चावल्याची वेळ लिहून ठेवा, अंगठ्या-बांगड्या काढा, हात-पाय फळकुटाला सैल बांधून हलू देऊ नका. आवळपट्टी नको, चिरा देणं नको, चोखणं नको. घरच्यांना नारळ ठेवायचा असेल तर गाडी निघाल्यावर ठेवू द्या. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून रोखून मंत्र-गंडेदोरे करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं या कायद्याचा पाठपुरावा केला, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यानंतर त्याचा अध्यादेश निघाला. हा कायदा पूजा, वारी, कीर्तन, भजन यांना हात लावत नाही. गावात तो समजावताना ही गोष्ट आधी सांगा.

लग्न

धार्मिक विधी नको असतील तर मार्ग एकच सरळ आहे : विशेष विवाह कायदा, १९५४. वधू १८, वर २१ पूर्ण. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात सलग ३० दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागते, हरकत आली नाही तर नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. तीन महिने उलटले की नोटीस पुन्हा. मुंबईत राहणारे लोक गावच्या जिल्ह्यात नोटीस द्यायला जातात आणि वास्तव्याच्या पुराव्यावर अडकतात. जिथे खरंच राहता तिथेच द्या, जेवणावळ गावाला घाला.

चूक कुठे होते? नुसते हार घालायचे, जेवायचं, आणि नंतर हिंदू विवाह कायद्याखाली नोंदणी करायची. त्या कायद्याच्या कलम ७ नुसार विवाह विधीनेच व्हावा लागतो, आणि विधी झालाच नसेल तर नुसत्या नोंदणी प्रमाणपत्राने लग्न होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. सत्यशोधक पद्धतीचा विचार करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की महात्मा फुले निर्मिक मानत होते. पुरोहित नको पण निर्माता मान्य आहे, अशांसाठी ती पद्धत जास्त योग्य.

घरच्यांची एक खरी भीती असते की कोर्टात लग्न केलं की घरातला वाटा जाईल. कायद्याच्या कलम १९ मध्ये एकत्र कुटुंबापासून विभक्त होण्याची तरतूद आहे खरी, पण १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २१-क प्रमाणे वधू-वर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ती लागू होत नाही. दोघांपैकी एक या धर्मांबाहेरचा असेल तर लग्नाआधी वकिलाला विचारा. आईला पहिली पत्रिका ग्रामदेवतेपुढे ठेवायची असेल तर ठेवू द्या.

मरणानंतरचं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण ज्याचं मत असतं तो बोलायला नसतो. मृत्युपत्रात लिहून उपयोग होत नाही, ते बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतं. वेगळ्या एका कागदावर लिहा : नेत्रदान, देहदान की दहन, कोणते विधी नकोत, कोणाला फोन करायचा. त्यावर पत्नी-पती आणि मुलांच्या सह्या घ्या, एक प्रत कपाटाच्या दारावर आतून चिकटवा, एक शेजाऱ्याकडे द्या. तुमची सही कितीही पक्की असली तरी त्या घडीला वारस नाही म्हणाले तर वैद्यकीय महाविद्यालय देह घेत नाही.

कोकणातली खरी अडचण वेळेची. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, देह शक्यतो सहा-आठ तासांत पोचावा लागतो, आणि मुलगा मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाला तरी कुडाळला उतरेपर्यंत सकाळ होते. म्हणून आधीच ठरवा : डोळे लगेच द्यायचे, त्यासाठी मुलाची वाट बघायची नाही. देह बर्फात किंवा शीतपेटीत ठेवून त्याची वाट बघायची का, आणि किती, हे त्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला आजच विचारून कागदावर लिहा. डेरवण, अलिबाग, रत्नागिरी, ओरोस, पडवे इथे वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळच्या दोघांचे अर्ज भरून ठेवा, कारण पावसात घाट किंवा रस्ता बंद असू शकतो. शवविच्छेदन झालेला देह, अपघात-आत्महत्येची प्रकरणं, एचआयव्ही-कावीळ ब यांसारखे संसर्ग असतील तर देह नाकारतात. म्हणून दुसरा पर्याय दहनाचा लिहिलेला असावाच.

नेत्रपेढीची माणसं येईपर्यंत घरच्यांनी करायचं ते एवढं : पापण्या मिटवा, त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं सहा इंच वर ठेवा. चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह, वय यांची आडकाठी नसते. वीस मिनिटांचं काम, चेहरा बिघडत नाही. म्हाताऱ्या आईला भीती वाटते ती चेहऱ्याची, तिला हे आधी सांगून ठेवा.

मरण घरी आलं असेल तर डॉक्टरकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या आणि ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत नोंद करा. नेत्रपेढी आणि महाविद्यालय दोघेही डॉक्टरचा दाखला मागतात. रात्री दोन वाजता डॉक्टर मिळत नाही म्हणून दान फसलं, हे वारंवार घडतं. तालुक्यात रात्री कोण येतं हे आजच विचारा.

गेलेला माणूस श्रद्धाळू असेल आणि तुम्ही नसाल, तर गणित उलटं. त्याची इच्छा चालू द्या. दहाव्याला भाऊ किंवा चुलतभाऊ बसेल, तुम्ही नदीवर जा, पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळ्यांबरोबर थांबा. कावळा आला नाही की लोक गेलेल्याच्या इच्छा आठवून एकेक वचन देऊ लागतात. तुम्हाला एखादं वचन खरंच पाळायचं असेल, आईला सांभाळण्याचं, बहिणीच्या हिश्श्याचं, तर ते तिथे सगळ्यांसमोर द्या. विधी नको असलेल्या घरांत तेराव्याला जेवण आणि त्याआधी तासभर आठवणींची सभा ठेवतात, ती चांगली चालते. वेळ चुकवू नका, कारण भावकी त्याच दिवशी मोकळी असते. राख हापूसच्या नव्या कलमाला घालायची असेल तर मीटरभर लांब-रुंद-खोल खड्ड्यात माती आणि कुजलेल्या शेणखतात दोन ओंजळी मिसळा. सगळी एका जागी ओतली तर कोवळ्या मुळांना खार लागतो.

वाळीत टाकलं तर

गावकीने पाणी, दुकान, येणं-जाणं, मर्तिकाला खांदा बंद केला, दंड मागितला, तर तो महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. २०१६ चा हा कायदा २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या दिवसापासून टिपण ठेवा : तारीख, कोणती बैठक, कोण काय बोललं, कोण साक्षीला. संदेशांचे फोटो काढा, नाकारलेल्या वर्गणीची पावती किंवा मनीऑर्डर जपा. आधी बैठकीतल्या एखाद्या समंजस मानकऱ्याला घरी बोलावून बोला. बऱ्याच वेळा देवावरून पेटलेलं वाटणारं भांडण मुळात वाटेचं नाहीतर बागेच्या बांधाचं असतं, आणि ते सुटलं की हेही सुटतं. नाही सुटलं तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांना सोबत घ्या. एकट्याने ठाण्यावर जाऊ नका.

कागदावरचा धर्म

न्यायालयात साक्ष देताना 'ईश्वरसाक्ष शपथ' ऐवजी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' करता येतं. नुसतं 'दृढकथन करतो' असं आधी सांगायचं. कुठल्याही अर्जात धर्म लिहायची सक्ती सरकार करू शकत नाही, आणि 'कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्ये येतो, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तरी मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'निरंक' लिहिण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. त्या घरातल्या मुलाचा धर्माचा रकाना रिकामा राहिला तर पुढे जात पडताळणी समितीसमोर प्रश्न निघू शकतो, तेव्हा आधी तिथल्या कामाची माहिती असलेल्या वकिलाला कागद दाखवा. दाखल्यातली नोंद नंतर बदलून घेणं फार जिकिरीचं असतं.